सोयरीक नसलेलं मेण

प्रयोगशाळेतलं माझं काम मेणाचं. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा पॅराफिनच्या मेणात बसवायचा, पातळ कापायचा आणि काचेवर लावून डॉक्टरांना द्यायचा. पॅराफिन म्हणजे संपृक्त हायड्रोकार्बन. त्यातल्या प्रत्येक कार्बनचे चारही हात आधीच गुंतलेले, नव्या कुणाला धरायला एकही मोकळा नाही. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थच मुळी 'सोयरीक कमी'. आमच्या सासरी सोयरीकच तेवढी उतू जाते.

पाण्याशी तर या मेणाचा उभा दावा. म्हणून तुकड्यातलं पाणी आधी अल्कोहोलने सावकाश काढावं लागतं. घाई केली की आत ओल राहते आणि मेण बाहेरच थांबतं.

मोठ्या जाऊबाईंच्या छातीत गाठ निघाली, तिचा तुकडा आमच्याकडेच आला. सुईने काढलेला, दोऱ्याएवढा. थोरल्या दिरांनी सकाळपासून फोन करकरून डॉक्टरांना भंडावून सोडलं.

"घरचीच लॅब आहे, संध्याकाळपर्यंत सांगून टाका!"

डॉक्टर त्यांचे शाळासोबती. मी नको नको म्हणत असताना त्यांनी अल्कोहोलची वेळ निम्म्यावर आणली. म्हणाले, "एवढ्याशा तुकड्याला किती वेळ लागणार?"

पातं लागताच आतला भाग भुगा होऊन गळून पडला. काचेवर लावण्याजोगं काहीच उरलं नाही. नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. घाई कुणाची, ते मात्र लिहिलं नाही.

घरी दिरांनी ते वाचलं आणि टाळीच वाजवली. "म्हणजे काही निघालं नाही!"

"भाऊजी, काही बघताच आलं नाही. परत तुकडा काढावा लागेल."

"तुला काहीतरी निघायलाच हवंय का गं?"

माझ्या नवऱ्याने पेपर उघडून तोंडापुढे धरला. दोघा भावांचा मला असा संताप आला की मी उठून आत गेले.

जाऊबाई कप विसळत होत्या. हळूच म्हणाल्या, "माझं काढलेलं ते कुठे गेलं गं?"

"कचऱ्यात."

त्यांनी हात पुसले, गाठीची जागा चाचपली. "आहे अजून. परत सुई घ्यायची ना? घेईन की, मी कुठे घाबरते!"

बाहेर दीर मोठ्याने हसले. जाऊबाईंनी नळ पुन्हा सोडला.

"थांब, ह्यांना विचारून सांगते."