पुलावर भरतीची वाट बघताना

ब्रिस्टलला जायचं हे नीनाने मंगळवारीच ठरवून टाकलं, आणि घरात कुणाला विचारायचं नाही हेही. त्या संध्याकाळी जेवताना तिच्या मुलाने, सुश्रुतने, तिला विचारलं होतं, "आई, बाबांनी गोळ्या घेतल्या ना? आणि त्यांना परत भात नको देऊस, हेवी होतो." बाबा, म्हणजे पुरुषोत्तम, तिथेच हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी चमचा खाली ठेवला तो ठेवलाच.

मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. उजवा पाय थोडा ओढत, पण काठी घेऊन ते चालायचे. अडायचं ते बोलणं. मनात सगळं लख्ख, पण हवा तो शब्द जिभेवर यायचा नाही, नाहीतर भलताच यायचा. छत्रीला बशी म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "थांबा, त्यांना बोलू द्या. शब्द तोंडात घालू नका." पण इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला मुलाकडे आल्यापासून तीन आठवडे त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं, सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. बाहेर जायचं तर शनिवारी, गाडीतून, बागेतल्या बाकापर्यंत.

आणि या माणसाने पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात पूल बांधले होते. कोकणातल्या दोन खाड्यांवर त्यांचे पूल अजून उभे आहेत. इंग्लंडला यायचं ठरलं तेव्हा वाकड्या अक्षरात लिहून त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: ब्रिस्टलचा झुलता पूल. "बघू बाबा, नेक्स्ट टाइम," सुश्रुत म्हणाला होता. सत्तरीच्या माणसाला नेक्स्ट टाइम!

गुरुवारी सुश्रुत आणि सून चैत्राली ऑफिसला गेल्यावर नीनाने थालीपिठं लावली, डबा भरला, गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि फ्रिजवर चिठ्ठी डकवली. 'ब्रिस्टलला जातोय. रात्रीच्या आत येऊ.'

"अहो, बूट घाला," ती म्हणाली. "पूल बघायला जायचंय."

पुरुषोत्तम तिच्याकडे बघतच राहिले. "सु... सुश्रुत?"

"त्याला चिठ्ठी ठेवलीय."

त्यांनी बुटाच्या नाड्या स्वतः बांधल्या. बराच वेळ लागला. नीना दारात उभी राहिली, पण वाकली नाही.

चुगली केली ती सुश्रुतच्या फोनला जोडलेल्या दारावरच्या कॅमेऱ्याने. रीडिंग स्टेशनवर गाडी बदलेपर्यंत त्याचा फोन आलाच. "आई, तुम्ही दोघं कुठे निघालात? ब्रिस्टल? आर यू सीरियस? बाबांना काही झालं तर? नेक्स्ट ट्रेनने परत या, प्लीज."

"तुझे बाबा शेजारीच आहेत. त्यांनाच विचार."

तिने फोन त्यांच्या कानाला लावला. पुरुषोत्तमांचे ओठ हलले, शब्द जुळू लागला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बाबा? ऐकू येतंय का? आईला द्या फोन." त्यांनी फोन कानापासून काढला, नीट बघून लाल बटण दाबलं आणि हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

ब्रिस्टलला स्टेशनाजवळच बोटीचा धक्का होता. पिवळ्या-निळ्या छोट्या बोटीत बसून दोघांनी शहर बघितलं. टेकडीवर रंगीत घरांच्या रांगा, काठावर जुन्या क्रेन, आणि दोन्ही बाजूंना काठोकाठ पाणी. थालीपिठाचा वास सुटला तशी समोरची बाई वळून बघायला लागली; नीनाने तिलाही तुकडा दिला. मग टॅक्सी करून दोघं वर पुलापाशी गेले.

पुलाच्या मधोमध जाऊन नीनाने खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई! नदी कुठे गेली?"

खोल दरीत तपकिरी चिखलाचे दोन चकचकीत उतार होते आणि मधे पाण्याची एक धार. पुरुषोत्तमांनी मागे शहराकडे हात केला. "दार," ते म्हणाले. "दार... लावलंय." तिच्या ध्यानात आलं, शहरातलं पाणी दारं लावून अडवलेलं. इथली नदी मोकळी होती. समुद्र तिला नेईल आणि आणून सोडेल. "ओहोटी," ते म्हणाले. एका दमात, स्वच्छ. "भरती... बघायची."

"बघू की. मला कुठे घाई आहे?"

दीड तास ते कठड्याला टेकून उभे होते. पुरुषोत्तमांची नजर खालून हलेना. पुलावरचा पिवळ्या जॅकेटातला रखवालदार दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा तो थांबला आणि हलक्या आवाजात नीनाला विचारू लागला, "सगळं ठीक आहे ना? तुम्ही बराच वेळ इथे आहात. यांना बरं वाटतंय ना?"

नीनाला आधी कळेना. मग कठड्याजवळची पाटी तिच्या नजरेस पडली. जीव नकोसा झालेल्यांसाठी मदतीचा फोन नंबर होता तिच्यावर. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी काठी आपटली.

"आस्क... मी," पुरुषोत्तम म्हणाले.

रखवालदार त्यांच्याकडे वळला. "माफ करा, सर. तुम्ही ठीक आहात ना?" आणि तो थांबला. नीनाकडे त्याने बघितलं नाही.

"आय... बिल्ट... स्पून्स." पुरुषोत्तमांचा चेहरा लाल झाला. शब्द नीनाच्या ओठांवर होता. तिने तो दातांखाली धरला. एक मोटार गेली, पायाखालच्या फळ्या थरथरल्या. "ब्रिजेस," ते म्हणाले. "आय बिल्ट ब्रिजेस. नॉट टु... जंप. टु सी."

रखवालदाराने मोठा श्वास सोडला. "मग सर, चला माझ्याबरोबर." त्याने त्यांना मनोऱ्यापाशी नेलं, लोखंडी पट्ट्यांची साखळी जमिनीत कुठे उतरते ते दाखवलं. पुरुषोत्तमांनी मनोऱ्याच्या माथ्याकडे बोट करून दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवले. "हो, बरोबर! वर रोलर आहेत. साखळी सरकते तिथे," तो म्हणाला, आणि पुढची वीस मिनिटं ते दोघं हातवाऱ्यांनी बोलत होते. नीना बाकावर बसून पाय चोळत होती. आपण मधे पडायची गरजच उरली नाही, याचं तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

पाच वाजता सुश्रुत आला. ब्रॅकनेलहून थेट गाडी हाणत, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. "आई, धिस इज सो इरिस्पॉन्सिबल! मी किती पॅनिक झालो, माहितीये? चल, बाबांना गाडीत बसव."

"मी का बसवू? ते काय सामान आहेत?" नीना म्हणाली. इतके दिवस गिळलेलं वाक्य होतं ते; आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. येणारे-जाणारे बघू लागले. बघू देत.

सुश्रुतने गळ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं. मग वडिलांकडे वळून, अवघडत म्हणाला, "बाबा, निघायचं का?"

पुरुषोत्तमांनी वेळ घेतला. सुश्रुतने दोनदा तोंड उघडलं; दोन्ही वेळा नीनाने हात वर केला.

"नाही," ते म्हणाले. "पाणी... येऊ दे. तू... थांब."

मग तिघंही कठड्याशी उभे राहिले. दरीतून पाणी उलट्या दिशेने, शहराकडे सरकत येत होतं. चिखलाचे उतार एकेक बोट करत बुडत होते. "भरतीत... खांब घातले," पुरुषोत्तम खाली बोट दाखवत म्हणाले. "कोकणात. तू... चार वर्षांचा." सुश्रुतला हे ठाऊकच नव्हतं. त्याने विचारलं, "कसे काय, बाबा?" आणि उत्तर यायला लागलेली मिनिटं त्याने मोजली नाहीत.

साडेसहाला नदी भरली. सुश्रुत म्हणाला, "आता तरी गाडीत?"

"परतीचं तिकीट आहे आमच्याकडे," नीना म्हणाली. "तू हो पुढे. भात लावून ठेव. बाबांनाही."

पुढच्या पाच आठवड्यांत ती दोघं आणखी चार वेळा बाहेर पडली. जवळच्या नदीकाठच्या मेडनहेडला तर बोटीत बसायला दोनदा. प्रत्येक वेळी सांगून गेली. विचारून मात्र एकदाही नाही.