दाराबाहेर ठेवलेला बूट

मी बूट बोलतोय. उजव्या पायाचा, दोन लोखंडी पट्ट्यांचा. बोलायची हौस मला नाही. बुटानं चालावं आणि गप राहावं, एवढंच मला कळतं. पण काल त्या पायल नावाच्या पोरीनं मला कपाटावरून खाली काढलं, फडक्यानं पुसलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हा काहून टाकून दिला?" मॅडम खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या धड सगळं कधीच सांगणार नाहीत. मग राहिलं कोण? टाच झिजलेली, बक्कल गंजलेलं, आणि या वयात मी लोकांपुढे आपली रडकथा सांगायची. शाळेत मी गेलोय, पण बाकाखाली होतो. शब्द चुकले तर समजून घ्या. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

मॅडम म्हणजे डॉक्टर मैत्रेयी. बोरी अरबच्या. दोन वर्षांची असताना तापात उजवा पाय लुळा पडला. पोलिओ म्हणतात त्याला. बाप धर्मपाल, जिनिंगमध्ये कापसाची बोंदरी, म्हणजे गाठोडी, उचलणारा. लेकीला एसटीत मांडीवर घेऊन तो यवतमाळला फुलचंद मिस्त्रीकडे आला. फुलचंदनं वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीनं माप घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "पट्ट्याईले वरपर्यंत भोकं पाडतो. पोरगी वाढन, लोखंड नाही वाढत. दर साली एक भोक खाली सरकवजो."

तसंच झालं. चामडं माझं पाच वेळा बदललं, पट्ट्यांना वेल्डिंग करून जोड दिले, पण मूळ लोखंड तेच. चामडं लवकर विसरतं. लोखंड विसरत नाही.

शाळेचा पहिला दिवस मला पक्का आठवतो. वर्गाच्या दारात पोरांच्या चपलांची रांग. मैत्रेयी उंबऱ्यावर बसली आणि माझं बक्कल सोडायला लागली. गोविंदा गुरुजी आतून ओरडले, "काय करून राह्यली तिथं?"

"बूट काढून राह्यली, गुरुजी."

"काढल्यावर आत कशी येशील?"

"घसरत."

गुरुजी मारकुटे होते, सगळा गाव त्यांना भ्यायचा. त्यांनी फळा पुसायचं फडकं माठाच्या पाण्यात भिजवलं, खाली बसले आणि माझा तळ स्वतः पुसला. "हा तुह्या पायात मोडते. पाय कोणी दाराशी ठेवते काय? चाल आत." दुसऱ्या दिवसापासून दाराशी ओलं फडकं असायचं. ती पुसायची आणि आत जायची. एवढं सोपं होतं बघा. एक फडकं.

पोरगी हुशार निघाली. डॉक्टरकीला नंबर लागला, पण आधी मुंबईला तपासणी. चार मोठे डॉक्टर टेप घेऊन तिचा पाय मोजत होते. किती टक्के पाय गेला, यावर डॉक्टर होता येतं की नाही ते ठरायचं. थोडा जास्त गेला तर घरी जा, थोडा कमी गेला तर सवलत नाही. मी बाजूच्या खुर्चीवर पडून ऐकत होतो. डोकं त्यांचं कोणी मोजलं नाही. एक जण म्हणाला, "पेशंट सांभाळणं जमेल का हिला?" धर्मपाल दारातून म्हणाला, "साहेब, सुई हातानंच टोचतात ना?" त्याला बाहेर काढला. पण टक्के बसले.

नोकरी लागली ती कापसाच्या पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथं कामाला आहेत. पहिल्या दिवशी केसपेपरच्या खिडकीवरचा बाबू मान वर न करता म्हणाला, "बाई, अपंगांचं सर्टिफिकेट बुधवारी."

"बुधवारी पण येईन. मी रोजच येणार आहे. नवी डॉक्टर आहे."

बाबूच्या हातातला चहा सांडला. पण पेशंट लवकर सरावले. व्हरांड्यात माझा खट्ट-खट्ट आवाज आला की बाया पोरांना म्हणायच्या, "चूप बस, डाक्टरीनबाई आल्या." त्या आवाजाची मला ऐट होती. खोटं कायले बोलू?

साहेबांना तो आवाज सोसेना. साहेब म्हणजे दवाखान्याचे अधीक्षक. नाव शेवटी सांगतो. गंभीर पेशंटच्या वार्डाबाहेर पाटी होती: चपला-बूट बाहेर काढावेत. आत रबरी स्लिपर घालायच्या. मैत्रेयीच्या पायात स्लिपर टिकत नाही, पाऊल नुसतं लोंबतं. ती मला फिनाईलच्या फडक्यानं पुसून, वर स्वच्छ कापडाची पिशवी बांधून आत जायची. दोन महिने तसं चाललं. मग एका सकाळी साहेबांनी दारातच अडवलं.

"डॉक्टर, पाटी वाचता येते ना?"

"सर, हा कॅलिपर आहे. याच्याशिवाय मला उभं राहता येत नाही."

"बूट तो बूट. आज तुमचा आत गेला, उद्या गावाच्या वहाणा आत येतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि पेशंटला डॉक्टरकडं बघून धीर आला पाहिजे. कीव नको यायला."

असं होतं ते. पाटी नुसती पुढं केलेली.

तिचंही चुकलं, मी स्पष्ट बोलतो. तिथंच भांडायला पाहिजे होतं. पण नवी नोकरी. बोललं तर म्हणतील, बघा, आत्ताच सवलती मागते. आयुष्यभर तिनं हेच ऐकू येऊ नये म्हणून दुप्पट काम केलं होतं. ती बाकावर बसली, माझे पट्टे सोडले, मला चपलांच्या रांगेत ठेवलं. भिंत धरून, खाटांचे दांडे धरून आत गेली. रोज तसंच. रोज मी बाहेर.

त्या साली भाद्रपदात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारे मजूर पिकाच्या आत उभे राहून वर पंप मारत, औषध तोंडावरच पडे. सकाळी फवारायचे, दुपारी दवाखान्यात. कोणी चक्कर येऊन, कोणी तोंडाला फेस येऊन. आठ खाटांवर बारा माणसं आणि डॉक्टर एकटी मैत्रेयी. साहेब यवतमाळला बैठकीत.

दुपारी दोनला मारेगावकडच्या तांड्यावरून धावजीला आणलं. मजूरच. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. छातीत पाणी बुडबुडत होतं, ते मला दारातून ऐकू येत होतं. त्याची बायको जमनी, तिला आत घेतलं नाही. ती चपलांच्या रांगेशी बसली. हाताला काहीतरी धरायला पाहिजे म्हणून तिनं मलाच उचललं आणि मांडीवर घेतलं.

असं फवारणीचं विष चढलेल्या माणसाला दर थोड्या मिनिटांनी ॲट्रोपिनची सुई द्यायची, छाती ऐकायची, परत सुई. थांबलं की संपलं. मैत्रेयी तीन नंबरच्या खाटेवरून सातला, सातवरून तीनला, एका हातात ट्रे, एका हातानं दांडा. दांडे लाळेनं बरबटलेले. फरशी नुकती पुसलेली. धावजी सात नंबरला होता. पाच आणि सहाच्या मधे तिचा हात घसरला.

ट्रे फुटल्याचा आवाज आला. जमनीनं मला छातीशी आवळलं.

मैत्रेयी उठली नाही. उठताच येईना. फरशीवरून घसरत ती धावजीच्या खाटेपाशी गेली, सिस्टरला दुसरी सुई भरायला लावली आणि खाली बसूनच त्याच्या लोंबत्या हातात टोचली. मग छातीला नळी लावायला वर हात पोचेना. सिस्टरनं काखेत धरून उचललं तेव्हा मधे किती वेळ गेला होता ते कोणी मोजलं नाही. धावजी चार वाजायच्या आत गेला.

वाचला असता का? मला माहीत नाही. मी चामडं आहे, डॉक्टर नाही. पण मी आत असतो तर ती पडली नसती. एवढं मला लोखंडाइतकं पक्कं माहीत आहे.

चौकशी झाली. साहेबांच्याच खोलीत. साहेब सांगत होते आणि बाबू लिहीत होता, "डॉक्टरांच्या पायातील अशक्तपणामुळे तोल जाऊन उपचारास विलंब." मैत्रेयी समोर बसली होती. मनगटाला प्लास्टर, पायात मी. तिनं म्हटलं, "सर, बूट बाहेर होता हे लिहा." साहेब म्हणाले, "त्याचा इथं काय संबंध?"

मग जमनीला बोलावलं. तिचा रडून आवाज बसलेला. काय पाहिलं ते सांग म्हणाले. ती म्हणाली, "मले आतलं काई दिसलं नाही साहेब. पर बाईचा पाय माह्या मांडीवर होता. तुमी बाईचा पाय काहून बाहेर ठेवला?"

बाबूनं लेखणी उचलली. साहेबांनी नुसता हात हलवला. बाबूनं लेखणी खाली ठेवली. जमनीचा अंगठा घेतला तो तिनं न सांगितलेल्या गोष्टीखाली.

तेव्हापासून मैत्रेयीला वार्ड नाही. अपंगांचं सर्टिफिकेट देण्याच्या टेबलावर बसवलं. बुधवार आता तिचा. टेप घेऊन ती दुसऱ्यांचे हातपाय मोजते. तिनं हलक्या प्लास्टिकचा नवा कॅलिपर घेतला, त्याचा आवाज येत नाही. मी गेलो कपाटावर, जुन्या फायलींच्या मधे. पाली, धूळ. साहेबांची बढती झाली, सत्कार झाला, पुढं निवृत्त झाले. म्हणतात, सकाळी पांढरे बूट घालून फिरायला जातात. जावोत. पाय चांगले आहेत त्यांचे.

मी गपच राहिलो असतो. पण ही पायल. पांढरकवड्याची, बाप ट्रकवर क्लीनर. डावा पाय मॅडमच्या उजव्यासारखाच, डॉक्टरकीला नंबर लागलाय, सर्टिफिकेट घ्यायला आली होती. तिनं मॅडमला सांगितलं की वरच्या तपासणीत एका डॉक्टरनं तिला समोरच ऐकवलं, "तुमच्या जिल्ह्यात अशी एक डॉक्टर वार्डात पडली होती, पेशंट गेला. कागद आहे आमच्याकडं." आणि मग तिनं विचारलं, "ते खरं आहे का मॅडम? मग मी फॉर्म मागे घेऊ?"

तेव्हा मॅडम खिडकीकडं वळल्या होत्या. मग त्यांनी मला जवळ ओढलं, तळाला हात लावला, ओलं फडकं मागितलं. पायलला म्हणाल्या, "फॉर्म मागं घ्यायचा नाही. बस. लिहून घे." सोळा वर्षांनी तोंड उघडलं बाईनं. मी ऐकत होतो, आणि जिथं ती अडखळली ते मी इथं सांगून टाकलं.

मला पॉलिश नको. पुन्हा चालायचीही उमेद नाही, शिवण उसवलीय. त्या कागदात एक ओळ पाहिजे: बूट दाराबाहेर होता. ती ओळ नाही म्हणून हा कागद अजून पोरींना अडवतो. ती एकच माणूस लिहू शकतो, आणि त्यानं माफी मागायची राहिलीय. आधी जमनीची, मग मैत्रेयीची, आणि वेळ उरला तर माझी. साहेबांचा पत्ता मला माहीत नाही, नाव माहीत आहे. डॉक्टर यशवंत पुंडलिक ठोसर.