हेडचे आटे

दोघा भावांचं गॅरेज होतं. मोटारसायकली दुरुस्त करायचे. थोरल्याने धाकट्याला हाताला धरून काम शिकवलं होतं आणि त्यात स्पार्क प्लग बसवण्याचा धडा सगळ्यात जास्त वेळा गिरवून घेतला होता. "इंजिन गार होऊ दे. प्लग बोटांनी फिरव, पाना शेवटी. बोटांना जड लागलं की उलटा काढ आणि पुन्हा लाव. बसला की अर्धा फेरा आवळायचा, बास. पैलवानकी दाखवायला इंजिनाचं हेड लोखंडाचं नाही, अॅल्युमिनियमचं आहे."

पुढे थोरल्याचा उजवा हात थरथरू लागला. कपातला चहा बशीत सांडायचा. धाकट्याने त्याच्याकडची अवघड कामं हळूहळू काढून घेतली. प्लग तेवढे उरले होते.

एके सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई गाडी घेऊन आल्या. गाडी झटके मारत होती. थोरल्याने जुना प्लग काढला, नवा घेतला आणि बसवायला लागला. बसेना. त्याने उलटा फिरवला, काढला, फुंकर मारली, परत लावला. हात थरथरत होता, कपाळाला घाम आला होता. बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. नर्सबाई घड्याळ बघत होत्या.

धाकट्याने बॅटरी मारून आत पाहिलं. प्लगच्या भोकातले हेडचे आटे गेलेले.

"दादा, सोड ते!" तो ओरडला. "वाकडा घालून आट्यांची वाट लावलीस. अरे, स्वतःचा हात बघ जरा! चहाचा कप धरवत नाही आणि प्लग बसवायला निघालायस."

बाकावरचं कुणीतरी हसलं.

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. नवा प्लग खोक्यात ठेवला, फडक्याने एकेक बोट पुसलं, चपला घातल्या आणि घरी गेला.

दुपारी धाकटा हेड उतरवून लेथवाल्याकडे घेऊन गेला. लेथवाल्याने भिंग लावून पाहिलं आणि जुना प्लग मागितला. प्लग धाकट्याच्या खिशातच होता. त्याच्या आट्यांत चकचकीत अॅल्युमिनियमची तार गुंडाळल्यासारखी अडकली होती.

"हे आजचं नाही," लेथवाला म्हणाला. "वाकडा गेला असता तर आटे कापले गेले असते. हे ओढून निघालेत. गरम इंजिनावर कुणीतरी जीव खाऊन आवळलाय. जुना प्लग काढतानाच आटे सोबत आले. कुणी बसवला होता हा?"

धाकट्याला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी नर्सबाई घाईत होत्या. इंजिन तापलेलं होतं. प्लग त्यानेच बसवला होता, आणि वर लांब पान्याने एक जादा हिसका दिला होता.

सरळ दादाच्या घरी जावं असं त्याला वाटलं. पण आधी गाडी पुरी करू, असं मनाशी म्हणाला. मग म्हणाला, उद्या तो येईलच, तेव्हा बोलू. दादा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. रोज सकाळी धाकटा मनाशी वाक्यं जुळवायचा आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की विसरल्याचं सोंग घ्यायचा. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी तो गेला. वहिनीने दार उघडलं, बस म्हणाली नाही. थोरला खिडकीपाशी खुर्चीत होता.

"दादा, ते आटे माझ्या हातून गेले होते."

"माहीत आहे," थोरला म्हणाला. "प्लग काढतानाच कळलं. निघेपर्यंत किरकिरत होता. तरी उरलेल्या आट्यांवर नवा बसतो का बघत होतो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"चार माणसांसमोर? तुझ्या हातावरचा विश्वास उडाला असता लोकांचा. माझ्या हातावर तसाही कुणाचा राहिला नव्हता."

धाकटा म्हणाला, "चल ना परत. उद्यापासून ये."

"नाही रे. हात थरथरतोच, त्यात खोटं काय? लोकांत शोभा व्हायच्या आत मी आपण होऊन उठणारच होतो. पाने पुसून, तुझ्या हातात देऊन. तेवढं राहून गेलं."

वहिनी आतून म्हणाली, "आता त्यांना झोपू द्या भावोजी."

थोरला त्यानंतर गॅरेजची पायरी चढला नाही. बोलणं बंद नव्हतं. सणासमारंभाला भेटायचे, एकमेकांच्या मुलांची चौकशी करायचे. गाड्यांचा विषय मात्र दोघेही काढत नसत.

वर्षभराने नर्सबाई पुन्हा आल्या. बाकावर दोघं-तिघं बसले होते. धाकट्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, मागे तुमच्या हेडचे आटे गेले होते ना, ते दादाने नाही, मी घालवले होते."

नर्सबाई गोंधळल्या. "कधी हो? मला तर काहीच आठवत नाही." मग इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "आणि दादा कोण?"