पिंपात बुडवलेला मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझा अर्धा पडदा काळा पडला आहे. कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. शहरातल्या उस्मानपुरा भागातल्या दुकानातून शीलाबाईंनी मला दोन्ही हातांत धरून घरी आणलं, तेवढं आठवतं.

शीलाबाई वाळूजला राहत. त्यांचे यजमान बिभीषण तिथल्याच कारखान्यात कामाला. सासूबाई मंजुळाबाईंचा जन्म मेंढ्या राखण्यात गेला. दुष्काळात कळप विकून त्या मुलाकडे आल्या होत्या. आणि शीलाबाईंची आठ वर्षांची मुलगी अक्षदा. चार वर्षं मी त्या घरात राबलो. शाळेचे निरोप, टँकर आल्याचा निरोप, अक्षदाची गाणी. एकदा पडलो, काचेला तडा गेला, तरी थांबलो नाही. "लई गुणाचा फोन हाय," असं मंजुळाबाई म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

त्या उन्हाळ्यात घरात ठरलं, दिवाळीत मुंबईहून गोव्याला मोठ्या जहाजानं जायचं. शीलाबाईंनी एका प्रवास कंपनीच्या साइटवर माझ्यावरूनच चौघांचं बुकिंग केलं. दुसऱ्या दिवशी तिकीट वाचताना त्या दचकल्या. मंजुळाबाईंचं वय सत्तरऐवजी सात पडलं होतं.

मदतीचा नंबर तिकिटावरच होता. घाबरलेल्या शीलाबाईंना तो दिसला नाही. त्यांनी नेटवर शोधलं आणि पहिला आला तो नंबर लावला. मित्रांनो, तो नंबर त्यांच्यापुढे मीच ठेवला होता.

पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "मॅडम, दहा मिनिटांत दुरुस्ती झाली नाही तर चारही तिकिटं रद्द होतील. मी पाठवतो ते ॲप घ्या. फोन ठेवू नका."

बिभीषण पाळीवर होते, त्यांचा मोबाईल गेटवर जमा. शीलाबाईंनी ॲप घेतलं, आणि माझ्या अंगात दुसरंच कुणीतरी शिरलं. कुणाचं बोट लागत नव्हतं, तरी माझी पानं उघडत होती. बँकेचं पान उघडलं. मला ओरडायचं होतं. पण माझ्यातून त्याचाच आवाज येत होता. "हात लावू नका, मॅडम."

मंजुळाबाई जवळ आल्या. "शीला, तू बोट लावत नाय, मग ते कसं हालतंय?"

"आत्याबाई, ते साहेब करतायत."

"कोणता साहेब? कुठं बसलाय?"

शीलाबाईंनी मला आणखी घट्ट धरलं. "तिकिटं जातील हो," एवढंच त्या म्हणाल्या.

"जाऊ दे," म्हणत मंजुळाबाईंनी मला ओढून घेतलं. मला बंद कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दाराशी पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं, आठ दिवसांतून एकदा भरणारं. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून मला आत बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. तड्यातून पाणी शिरलं. आधी त्याचा आवाज बुडाला, मग मी.

शेजारणीच्या फोनवरून शीलाबाईंनी बँकेला कळवून खातं थांबवलं, पैसे वाचले. तिकिटावरच्या खऱ्या नंबरावर वयही दुरुस्त झालं. रात्रपाळीला जाणाऱ्या शेजाऱ्यांकडून सगळं ऐकून आलेले बिभीषण रागावले नाहीत. "मी असतो तर मीबी तेच केलं असतं," ते शीलाबाईंना म्हणाले.

मी दुरुस्त होऊन आलो. पण माझी घंटी वाजली की शीलाबाई हात मागे घेत. अनोळखी नंबर आला की आतून मीही गारठे. दिवाळीत ते चौघे जहाजावर गेले तेव्हा सोबत नवा फोन होता. मी कपाटात राहिलो.

मित्रांनो, कुणी घाई करून भीती घातली, तर फोन खाली ठेवा आणि घरातल्या माणसाला हाक मारा. आम्हाला जपा, पण माणसाहून जास्त नको. मला बुडवताना मंजुळाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.