क्रेनच्या केबिनमधलं बोलणं

माझ्या सासूबाई क्रेन चालवतात. हे मी कुणी न विचारताही सगळ्यांना सांगते. वय चौपन्न, गुडघे कुरकुरणारे, तरी रोज सकाळी डबा पाठीला बांधून शिडीनं पंधरा मजल्यांएवढ्या उंचीवरच्या केबिनमध्ये चढतात. त्या क्रेननं जी इमारत उभी राहतेय, त्याच इमारतीत मी वायरिंगचं काम करते. कामावर सगळे त्यांना मावशी म्हणतात. मी आई म्हणते.

आईंचं देवाशी नातं पूर्वी यादीचं होतं. मुलाची परीक्षा, गळकं छप्पर, माझ्या सासऱ्यांचा खोकला. हात जोडायचे, यादी म्हणायची, उठायचं. सासरे आजारी पडले तेव्हा यादीत एकच मागणं उरलं, आणि तरी ते गेले. त्यानंतर आई घरात हात जोडायच्या, पण ओठ हलायचे नाहीत.

पुढचं त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. वर केबिनमध्ये ऐकायला कोणी नसतं, म्हणून महिनाभर त्यांनी देवाला चांगलं फैलावर घेतलं होतं. मग एक दिवस शब्दच संपले. आता तू नुसता बस, असं त्याला सांगून त्या गप्प झाल्या, आणि शेजारी खरंच कोणीतरी बसलंय असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तेव्हापासून मागणं बंद, गप्पा सुरू. गुडघा कसा ठणकतोय, भाजीत मीठ कसं जास्त झालं, सून कशी फटकळ आहे, सगळं. निदान माझ्या चहाड्या तरी करू नका, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, त्याच्यापासून काय लपवायचं.

गेल्या महिन्यात भर दुपारी आई काँक्रीटची तयार भिंत नवव्या मजल्यावर चढवत होत्या. ती अर्ध्या वाटेत असतानाच वारा सुटला. तीन टनांची भिंत झुलायला लागली. ती बसवायला नवव्या मजल्यावर थांबलेले सहा जण तिथंच स्लॅबला चिकटून बसले. खाली आमचे साहेब वॉकी-टॉकीत ओरडत होते, पण त्यांचा आवाज कुठेच पोचेना. वर आईंच्या वॉकी-टॉकीचं बटण दाबलेलं अडकलं होतं. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या कानात फक्त आईंचा आवाज.

"वारा उठलाय बघ," त्या म्हणत होत्या. "भिंत अजून माझं ऐकत नाहीये. थांबू या. घाई तुलाही नाही, मलाही नाही. त्या सहा पोरांवर तू नजर ठेव, मी दोरावर ठेवते."

भिंत जिकडे झुलेल तिकडे क्रेनचा हात हळूच जात होता. झोका जरासा कमी झाला.

"यांच्या वेळी तू माझं ऐकलं नाहीस, ते मी विसरले नाही. पण माझा हात सोडला नाहीस, तेही विसरले नाही. हं, आता सावकाश."

माझ्या हातातली वायर कधी गळून पडली ते मला कळलं नाही. सगळी साइट माना वर करून उभी होती. दहा मिनिटांनी ती भिंत मोकळ्या जागेत, मातीवर अलगद टेकली.

आई खाली उतरल्या आणि सगळ्यांचे चेहरे बघून गोंधळल्या. मी बटणाचं सांगितल्यावर त्यांनी पदरानं तोंड झाकलं. साहेब देवबिव न मानणारे. त्यांनी हेल्मेट काढलं.

"मावशी, तुमचा देव मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या क्रेनखाली मी केव्हाही उभा राहीन."

त्या सहांपैकी एक गवंडी पुढे आला. आपल्यावर नजर ठेवायला सांगितलेलं कानावर पडलं आणि पायांची थरथर थांबली, असं त्यानं सांगितलं. आईंनी त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. मला मात्र इतका अभिमान वाटत होता की छाती दुखायला लागली.

घरी येताना मी विचारलं, मी कधी देवाशी बोलले नाही, सुरुवात कशी करू? त्या म्हणाल्या, आधी ओळख करून दे.

दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावर मी एकटीच वायर ओढत होते. इकडे तिकडे पाहिलं, घसा खाकरला.

"मी त्या क्रेनवाल्या बाईंची सून," मी म्हटलं. "ती फटकळ."