भिंतीपलीकडचं ऑर्गन

"बंद कर ते," मी म्हणाले. "कोण वाजवतंय हे?"

मुरोईने बंद केलं नाही. आवाज थोडा कमी केला आणि समजूतदार हसला. हे हसू तो त्याच्या दुकानात कॉफी थंड आहे म्हणून भांडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतो. आज गुरुवार, दुकान बंद. गिऱ्हाईक मीच.

"तूच वाजवतेयस, किनु. सत्तावीस वर्षांपूर्वीची तू. मी फक्त साफ केलंय."

"साफ? मी काय मासळी आहे?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत इवाओ खिक्कन हसला आणि मुरोईकडे बघून गप्प झाला. इवाओ आमचा ड्रमर. तातामीच्या चटया शिवायचा; गेल्या वर्षी दुकान बंद केलं. मुरोई गिटार वाजवतो, गातो आणि पुढे उभा राहतो. मी शाळांच्या स्वयंपाकघरात आठशे मुलांचं सूप वल्ह्याएवढ्या पळीने ढवळते, आणि ऑर्गन वाजवते. आमचा बँड, दोरोबुने. म्हणजे चिखलाची नाव. बुडणार हे ठाऊक होतं, म्हटलं नाव तरी खरं ठेवू.

सुरुवातीला आम्ही नकलाकार होतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या आईबापांच्या तरुणपणी शाळांनी ज्या गिटारवाल्या पोरांवर बंदी घातली होती, त्यांच्यासारखे एकसारखे कोट, तशाच झिपऱ्या, तीन सुरांत बोंबलणं. गिटार इतकी खरखरीत, की लोक कानांवर हात ठेवायचे. आमच्या आमागासाकीतली माणसं कारखान्यात दिवसभर पत्रा कापून आलेली असतात. त्यांना कानांवर हात ठेवायला लावणं सोपं नाही.

मग ते सार्वजनिक न्हाणीघर. इवाओच्या मामाचं, गल्लीतलं, बंद पडलेलं. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून रेकॉर्डिंग तिथेच. पुरुषांच्या बाजूला ड्रम आणि गिटार. ऑर्गनचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून ते भिंतीपलीकडे, बायकांच्या बाजूला, आणि त्याच्यामागे मी. ती मधली भिंत छतापर्यंत जात नाही. तिच्यावरूनच नवरे ओरडायचे, "अगं, झालं का? निघतोय मी!" तसाच इवाओचा ठोका वरून, फरशांवर आपटत, जरा उशिरा माझ्याकडे यायचा. मी त्यावर वाजवायचे. ते त्याच्याकडे आणखी उशिरा पोचायचं. तो थांबायचा. मी थांबायचे. त्या थांबण्यात गाणं डोक्यातून कमरेत उतरलं. पुढे न्हाणीघर पाडलं, तरी आम्ही तसंच वाजवायला लागलो, आणि आमच्यासमोर लोक पहिल्यांदा नाचले.

मुरोईला तो उशीर कधी सहन झाला नाही. "किनु, मागे पडतेस." "किनु, हाताला झोप लागते का तुझ्या?" आणि मासिकात मुलाखत आली की, "तो डोल ना, माझीच कल्पना." मी घरी जेवणाच्या टेबलावर मेट्रोनोम ठेवून बोटं आपटली. सूप ढवळतानाही आकडे मोजले. मूर्ख मी. उशीर हवेचा होता. वाट बघणं आमचं होतं. माझ्या अख्ख्या आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

आता तोक्योच्या एका छोट्या कंपनीला ती रेकॉर्ड पुन्हा काढायचीय. कुठल्याशा पोरांना सापडली, आवडली. आणि या माणसाने संगणकावर माझा एकेक सूर चिमटीत धरून ठोक्यावर नेऊन बसवला. परेडला उभ्या पोलिसांसारखा.

"मूळ टेप दे त्यांना," मी म्हणाले. "करारात 'मूळ ध्वनिमुद्रण' लिहिलंय. तेच वाचून शिक्के मारले आपण."

मुरोईने करार पुढे सरकवला. 'मूळ' या शब्दावर दोन रेघा, पट्टीने मारलेल्या. वर लिहिलं होतं 'सुधारित'. बाजूच्या समासात आमचे तीन लाल शिक्के; आमच्याकडे सहीऐवजी तेच चालतात.

पुढे काही किरकोळ चूक निघाली तर सगळ्यांना पुन्हा बोलवायला नको, म्हणून समासात एक शिक्का आगाऊ मारून ठेवतात. घर भाड्याने घेताना मारतात, बँकेत मारतात. नाही म्हणायचं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणायचं. मी मारला. सरळ मारला, वर फुंकर घालून वाळवला.

"ही किरकोळ चूक?"

"किनु, कायद्यात बसतं ते."

"कायद्यात बसतं ते दिसतंय मला. तुझ्या लाजेत बसतं का, ते विचारतेय."

"ओरडू नकोस. ही आता निघाली नाही तर कधीच निघणार नाही. माझं सोड, इवाओचा तरी विचार कर."

तिथे मी अडकले. आम्ही तेव्हा दोनशेच प्रती काढल्या होत्या. इवाओने आपली प्रत लग्नाआधी कुणाला तरी दिली आणि ती परत आली नाही. आता त्याची मनगटं दोन गाण्यांपुढे चालत नाहीत. हॉस्पिटलात मनगट शेकणाऱ्या पोरीलाही तो सांगून बसला होता, "रेकॉर्ड येतेय आमची."

"काढ," मी म्हणाले. "पण त्यावर वाजतंय ती मी नाही. वादकांच्या यादीतलं माझं नाव खोड."

"वेड लागलंय का? लोक विचारतील ऑर्गन कुणाचं."

"सांग, संगणकाचं. शिक्का आहेच की माझा समासात. खोड."

"खोडतो हां. खरंच खोडतो."

"पट्टी घे. वाकडं गेलं तर रात्रभर झोप नाही यायची तुला."

त्याचे कान लाल झाले. त्याने पट्टी घेतली. दोन रेघा मारल्या, एकदम सरळ. खोडलं की किती अक्षरं खोडली तेही समासात लिहावं लागतं. माझं नाव आमच्या लिपीत चार अक्षरांत मावतं. मुरोईने शाळेतल्यासारख्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: चार अक्षरं वगळली.

इवाओ खुर्चीतून उठला. करार उचलून डोळ्यांजवळ नेला, खालपर्यंत वाचला.

"माझे ठोकेपण सरळ केलेस ना रे?"

"थोडेसे," मुरोई म्हणाला. "तुझं कौतुकच होईल, इवाओ. घड्याळासारखा वाजतोयस."

इवाओने मान हलवली. करार टेबलावर ठेवला, मुरोईच्या पुढ्यात नीट सरळ केला. माझ्या नावाच्या खालीच त्याचं नाव होतं. तेही चारच अक्षरांचं. त्यावर त्याने सुजलेलं बोट ठेवलं.

"आठ लिही," तो म्हणाला.