माणसांसकट वजन

“उतरा, उतरा! सगळे खाली उतरा! काट्यावर माणूस नको!”

सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला किलोभाऊ काचेच्या खोलीतून माइकवर ओरडले. वजनकाट्याच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. होता तो फाटकावरचा पहारेकरी, आणि तो चहाचा पेला हातात धरून तमाशा बघत उभा होता. काट्यावर किलोभाऊंची स्वतःचीच चिमुकली मोटार उभी होती आणि तिच्यामागे घरी बनवलेली ट्रॉली. घरात तिला सगळे ‘खोली’ म्हणत. आत दोन बाकं, एक शेगडी, एक फळी आणि दोन्ही बाजूंना खिडक्या. किलोभाऊंच्या मुलीने आठ महिने खपून ती जोडली होती. वेल्डिंगच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे तिला घरीदारी ‘ठिणगी’ हेच नाव पडलं होतं, आणि स्वभावही नावाला शोभेल असाच होता.

ठिणगी खोलीतून टुणकन उडी मारून उतरली. किलोभाऊंची बायको आतले डबे लावता लावता वैतागून बाहेर आली. मोटारीत पुढे बसलेले आप्पा, म्हणजे किलोभाऊंचे वडील, काठी टेकत टेकत पाय बाहेर काढू लागले.

“चाळीस वर्षं ट्रक चालवला,” आप्पा पुटपुटले, “प्रत्येक काट्यावर उतरलो. आता पोराच्या काट्यावरसुद्धा उतरायचंच का रे?”

“नियम म्हणजे नियम, आप्पा!” माइकवरून उत्तर आलं.

एकतीस वर्षं किलोभाऊ या वजनकाट्यावर बसत होते. भरलेला ट्रक यायचा, ड्रायव्हर उतरायचा, आकडा लागायचा, पावती निघायची. नुसत्या टायरांकडे बघून ते वजन सांगत आणि फार तर पंचवीस-तीस किलो इकडेतिकडे होई. म्हणून तर ड्रायव्हर लोकांनी त्यांना किलोभाऊ केलं होतं. जगभराचा माल त्यांनी डोळ्यांखालून घातला. स्वतः मात्र गावाबाहेर गेले ते लग्नकार्यापुरते.

आता जायचं होतं. आप्पांच्या तळ्यावर.

घाटमाथ्यावर एक तळं आहे म्हणे. आप्पांनी त्याच्या काठाने हजार फेऱ्या केल्या, पण गाडी कधी थांबवली नाही, कारण माल वेळेवर पोचवायचा असायचा. “एकदा तुझ्या आईला दाखवीन म्हणत होतो,” असं ते सांगत. आई जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे पलंग, खिडकी आणि व्हरांडा. ठिणगीने एक दिवस जेवताना जाहीर केलं, “आपण सगळे जाऊ. आप्पांना आडवं व्हायला जागा हवी ना? मी बनवते.” आणि खरंच बनवली की तिने!

घोडं अडलं होतं ते मोटारीपाशी. मागच्या आठवड्यात गल्लीतला चढ चढताना तिचा क्लच असा जळला की शेजारीण बादली घेऊन धावत आली. उद्यापासून सगळ्यांची रजा, आणि आज दुसरी गाडी घ्यायचीच, असं ठरलं होतं.

“अकराशे चाळीस!” मोटारीचं वजन वजा करून किलोभाऊंनी खोलीचा आकडा पुकारला. “बाराशे ओढणारी गाडी पुरे! बसा, बसा, चला!”

सपाट रस्त्याने रडतखडत का होईना, मोटारीने त्यांना जुन्या गाड्यांच्या बाजारात पोचवलं. तिथला व्यापारी गोड बोलण्यात पटाईत होता. त्याने दोन गाड्या दाखवल्या. एक रुपेरी, बसकी, गुबगुबीत गाद्यांची. दुसरी हिरवी, उंच, रांगडी, पूर्वी कुठल्याशा खाणीवर राबलेली, चारही चाकांनी ओढणारी.

“आई गं! हिरवी बघा, हिरवी!” ठिणगी तिच्या खाली झोपलीच. “बाबा, हिचा मागचा हूक बघा, मनगटाएवढा जाड आहे!”

“उठ आधी, कपडे बघ,” किलोभाऊंची बायको म्हणाली. ती शाळेचे गणवेश शिवायची. कपड्यांना डाग पडला की तिच्या काळजाला पडायचा. “मला ती रुपेरी बरी वाटते. आप्पांना नुसतं सीटकडे पाठ करून टेकायचं, चढायला नको.”

“आणि बाराशे ओढते!” किलोभाऊंनी कागद नाचवला. “हिशेबात बसते. पाहिजे कशाला तो हिरवा राक्षस?”

व्यापाऱ्याने रुपेरीला खोली जोडून दिली. बाजारामागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा खडा चढ होता. किलोभाऊ एकटेच बसले आणि गेले. अहो, गेले म्हणजे काय, सरसर गेले! वर टाकीला वळसा घालून खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा फुलला होता.

“लोण्यासारखी चढली! आप्पा, परवा दुपारी तळ्यावर!”

“हो ना रे?” आप्पांचे डोळे चमकले. “दुपारी नको. सकाळी पोचू. सकाळी पाणी हिरवं दिसतं.”

व्यापारी कागदपत्रं काढायला वळला, तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, एकदा आम्हाला बसवून तरी न्या. आम्ही काय पाहुणे आहोत का?”

सगळे बसले. आप्पा पुढे, मायलेकी मागे. अर्ध्या चढापर्यंत रुपेरी बरी गेली. मग तिने धाप टाकली, मग थरथरली, मग गप्पच झाली. किलोभाऊंनी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले तरी ती इंच इंच मागे घसरू लागली. बायकोने डोळे मिटून घेतले. शेवटी ठिणगी उडी मारून गेली आणि तिने खोलीच्या चाकामागे दगड लावला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“असं कसं?” किलोभाऊ कागद उलटसुलट करू लागले. “मघाशी तर... आकडा तर बरोबर आहे...”

ठिणगी खिडकीशी आली आणि खो खो हसत सुटली. “बाबा! तुम्ही सकाळी सगळ्यांना खाली उतरवलंत ना? मग ओढायच्या हिशेबात आम्हाला धरलंतच कुठे? आम्ही काय उडत येणार आहोत का?”

किलोभाऊ ओशाळले. एकतीस वर्षांत माणसाचं वजन त्यांनी कधी धरलंच नव्हतं. माल तो माल, माणूस उतरलेला. चौघांचे मिळून तीनशेच्या आसपास किलो, आणि ते साफ विसरले! एरवी बायकोने महिनाभर ऐकवलं असतं, पण त्यांचा चेहरा इतका पडला होता की तिलाही हसू आवरेना.

“असू दे हो,” ती म्हणाली. “काट्यावरचा माणूस आणि वजनात चुकला! गावभर सांगते की नाही बघा.”

खोली हिरवीला जोडली. आप्पांना खाली खुर्चीवर बसवून तिघेजण निघाले. आप्पांच्या जागी व्यापाऱ्याने सिमेंटच्या दोन गोण्या ठेवायला दिल्या. हिरवीने चढाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरंगळत जावं तशी ती वर चढली. ठिणगीने खिडकीतून डोकं काढून अशी आरोळी ठोकली की टाकीवरची कबुतरं उडाली. खाली येईपर्यंत मायलेकी आणि किलोभाऊ तिघेही एकदम बोलत होते आणि कोण काय म्हणतंय ते कोणालाच कळत नव्हतं.

आप्पा मात्र हिरवीच्या पायरीकडे बघत होते. पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर होती.

“छान गाडी आहे,” ते म्हणाले. “हीच घ्या. तुम्ही जाऊन या. मी थांबतो घरी.”



“असं कसं, आप्पा?” बायको म्हणाली.

“सूनबाई, व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढायला मला तुझा खांदा लागतो. ही कशी चढू? मला काय, तळं पाठ आहे. तुम्ही बघा आणि येऊन सांगा.”

“आम्ही पायरी करू!” ठिणगी म्हणाली, पण आवाज चिरकला. “दोन दिवसांत... नाही, उद्याच निघायचं आहे...”

“मग कोणीच जाणार नाही,” किलोभाऊ ताडकन म्हणाले. “खोली आप्पांसाठी आहे. आप्पा नाहीत तर अकराशे चाळीस किलो भंगार ओढून मी काय करू?”

आप्पा हळूहळू गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले. दार उघडलं. दाराच्या चौकटीला, आतल्या अंगाने, एक लोखंडी कडी होती. त्यांनी ती हाताने चाचपली.

“ही धर,” म्हणत त्यांनी काठी सुनेच्या हातात दिली.

“आप्पा, थांबा, मी धरतो...” किलोभाऊ पुढे सरसावले.

“हात लावू नकोस. मध्ये कोणी आलं की मी पडतो.”

तोंड गाडीकडे. एक हात कडीला, दुसरा सीटच्या कडेला. पाय पायरीवर. अंग उचललं, आणि घसरलं. ठिणगीने तोंडावर हात घेतला. आप्पांनी श्वास घेतला, तळहात सदऱ्याला पुसले आणि पुन्हा कडी धरली. या वेळी पायावर जोर दिलाच नाही. सगळं अंग हातांनी वर ओढलं, जसं चाळीस वर्षं दिवसातून वीस वेळा ओढलं होतं. आणि आप्पा वर होते.

तेव्हा कुठे किलोभाऊंच्या लक्षात आलं की आप्पा ड्रायव्हरच्या बाजूने चढले आहेत. त्या अंगाला दुसरी बाजू ठाऊकच नव्हती.

आप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. काचेतून समोर पाहिलं. मग आप्पांनी एक एक करून हात सोडवले आणि त्या सलग सीटवरून पलीकडे सरकू लागले.

“सरकतो रे, सरकतो. ये, बस. बघतोस काय?”

किलोभाऊंनी डोळे पुसले आणि व्यापाऱ्यावर उगाचच खेकसले, “आणा ते कागद! किती वेळ लावता?”

दुपारी हिरवी आणि तिच्यामागची खोली वजनकाट्यावर येऊन उभी राहिली. किलोभाऊ काचेच्या खोलीत शिरले. सवयीप्रमाणे आप्पांनी दाराच्या कडीला हात घातला.

“आप्पा, उतरू नका!” माइकवरून आवाज आला. “कोणीही उतरू नका! आज माणसांसकट!”

आप्पा थबकले. खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं.

“आणि तुझं वजन कोण धरणार?”

किलोभाऊंचं बोट बटणावर होतं. ते तसंच राहिलं. मग त्यांनी खिडकी उघडून पहारेकऱ्याला हाक मारली, “इकडे ये रे! मी हात वर केला की हे बटण दाब, दुसरं काही करू नकोस!” आणि वयाची चौपन्न वर्षं विसरून ते धावत सुटले, गाडीत चढले आणि खिडकीतून हात वर केला. ठिणगी मागे बसून टाळ्या वाजवत होती. काट्याची लोखंडी पाटी त्यांच्याखाली जराशी हलली. एकतीस वर्षांत ती हललेली त्यांना पहिल्यांदाच जाणवली.

पहारेकऱ्याने पावती आणून दिली. किलोभाऊंनी पेन काढलं आणि मालाच्या रकान्यात लिहिलं, ‘पाच माणसं.’

“पाच?” बायकोने विचारलं. “आपण तर चौघं.”

“आईला तळं दाखवायचं होतं ना,” किलोभाऊ म्हणाले आणि पावती आप्पांकडे दिली.

आप्पांनी ती हात लांब करून वाचली. पुन्हा वाचली. मग चारदा घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, पूर्वी ठेवायचे तशी, आणि वरून थोपटली.

“चल, सोड गाडी,” ते म्हणाले. “मागे रांग लागली असेल.”

मागे कोणीच नव्हतं. किलोभाऊंनी आरशात पाहिलं, हो म्हणाले आणि गाडी सोडली.